खोकून येणारा जावई

डेलॉस खोकायचा. घराचा कोपरा वळण्याआधी, मांडवात शिरण्याआधी, लाकडं खाली टाकण्याआधी तो घसा खाकरून एकदा चांगला मोठ्याने खोकायचा आणि मग थोडा थांबायचा. सरकारी दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टरने हे पाहिलं, आणि याला क्षयच झालाय असं धरून त्याच्या छातीला नळी लावली. छाती ठणठणीत निघाली. डॉक्टर चक्रावला. या माणसाच्या घरी सासू आहे म्हणून तो खोकतो, हे त्याला कोण सांगणार.

आमच्या कायोवा आदिवासी जमातीत जावई सासूच्या तोंडाकडे बघत नाही, तिच्याशी बोलत नाही, ती ज्या खोलीत असेल तिथे थांबत नाही. सासूही तसंच करते. तो येतोय असं कळलं की शाल डोक्यावरून तोंडावर ओढते आणि दुसऱ्या दाराने निघून जाते. बाहेरच्या लोकांना वाटतं, यांचं भांडण आहे. भांडण असतं तर मधे पडून कुणीतरी मिटवलं असतं. हा मान आहे. तो ज्याला कळत नाही त्याला समजावत बसण्यात अर्थ नाही, आम्ही ते केव्हाच सोडून दिलं.

डेलॉसच्या सासूचं नाव पाईमा. मेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, पण ही दोन नावं आता घेता येतात, कारण पुढे घरच्यांनी ती नातवंडांना दिली, सगळ्यांदेखत, घोंगड्या वाटून. डेलॉसच्या बायकोचं नाव मात्र कुणी उचललेलं नाही. ती गेली तेव्हा घरच्यांनी ते टाकून दिलं, आणि टाकलेलं नाव परक्याने तोंडात घ्यायचं नसतं. म्हणून या गोष्टीत ते येणार नाही.

लग्नाआधी डेलॉसने पाईमाला वॉशिटा नदीवर एकदोनदा पाहिलं असेल. पण तेव्हा आईकडे कोण बघतंय, तो लेकीकडे बघत होता. लग्न झालं आणि पाईमाचा चेहरा त्याच्यासाठी कायमचा शालीत गेला. नदीजवळच्या त्यांच्या जमिनीवर दोन खोल्यांचं लाकडी घर होतं, पुढे नदीकाठच्या विलो झाडांच्या फांद्यांचा मांडव, आणि मागे कापडाचा तंबू. तंबूत पाईमा राहायची. घरात राहायला तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण जावयाला सारखं खोकायला लावणं तिच्या जिवावर यायचं.

चेहरा सोडला तर बाकी सगळं दोघांना एकमेकांचं माहीत होतं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं पेराशी तुटकी आहेत, हे त्याने दोरीवर मांस वाळत घालणाऱ्या हाताकडे लांबून बघून ओळखलं होतं. भाऊ गेला तेव्हा तिने ती स्वतः तोडली होती, जुन्या रीतीने. त्या हाताला जाड लाकूड धरवत नाही, म्हणून तिच्या चुलीची लाकडं डेलॉस मुद्दाम बारीक फोडायचा. आणि कुटलेल्या सुक्या मांसात रानातली आंबट आलुबुखारं घातलेली त्याला आवडतात, हे तिला कधी कुणी सांगावं लागलं नाही.

निरोप न्यायची ती बायको. आणि बायको भारी खट्याळ होती. निरोप जसा घेतला तसा तिने कधी पोचवला नाही. नवऱ्याला सांगायची, "आई म्हणते, जावई इतका देखणा आहे की बघवत नाही, म्हणून मी तोंड झाकते." आईला जाऊन सांगायची, "तो म्हणतोय, तळलेल्या भाकरीसाठी लग्न केलं, लेक काय वर फुकटात आली." डेलॉस कपाळाला हात लावायचा. तंबूतून पाईमाचा शालीत दाबलेला हसण्याचा आवाज यायचा. मग बायको स्वतःच पोट धरून हसत सुटायची. तिचं ते हसणं रेनी माउंटनच्या टेकडीपर्यंत ऐकू जातं, असं शेजारी म्हणायचे.

हिवाळ्यात पाईमा सेंडेच्या गोष्टी सांगायची. सेंडे हा आमचा लबाड, हावरट, नेहमी कुठूनतरी चालत येणारा, जगाचं भलं करता करता स्वतःची फजिती करून घेणारा. त्याच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या, उन्हाळ्यात सांगितल्या तर तो येऊन नाक कापून नेतो. शेजारपाजारची पोरं तंबूत जमायची. डेलॉसला आत जाता येत नव्हतं. तो तंबूच्या मागच्या बाजूला घोड्याचं खोगीर घेऊन बसायचा आणि वादी शिवायचा. एवढं खोगीर काय फाटत होतं, ते त्यालाच ठाऊक. आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या पोरांना गोष्ट सांगायला पाईमा एवढा आवाज का चढवते, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एका रविवारी मिशनच्या पाद्रीबाबाने प्रवचनातून हे सगळं वेडगळ ठरवलं आणि उपासना संपल्यावर दोघांना समोरासमोर उभं करायला निघाला. पाईमा बायकांच्या दाराने गेली, डेलॉस खिडकीतून. त्यानंतर महिनाभर दोघंही तिकडे फिरकली नाहीत. शेजारच्या जमातीत म्हणे सासूला घोडा दिला की हा पडदा उठतो. पाईमा ते ऐकून म्हणाली, मग माझा मान एका घोड्याएवढा झाला.

मग दुष्काळाची, लाल धुळीच्या वादळांची वर्षं आली आणि बायको खोकायला लागली. तो खोकला जावयाचा नव्हता. डॉक्टरने जो क्षय डेलॉसच्या छातीत शोधला होता, तो तिच्या छातीत निघाला, आणि तोवर फार उशीर झाला होता.

शेवटचे दिवस ती पुढच्या खोलीत पडून होती. तिथे एक तर आई बसू शकत होती, नाहीतर नवरा. दोघं मिळून नाही. डेलॉस दाराशी येऊन खोकायचा, पाईमा शाल ओढून मागच्या दाराने बाहेर जायची, तो आत बसायचा. काही वेळाने तंबूतून तिचं खाकरणं ऐकू यायचं. मग तो उठून बाहेर लाकडाच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसायचा. मरणाऱ्या बाईची जिवाची दोन माणसं अशी पाळीपाळीने आत-बाहेर करत होती. पाळी सोडायला कुणीच तयार नव्हतं, पण दुसऱ्याची पाळी कुणी खाल्लीही नाही.

ती गेली तेव्हा पाळी आईची होती.

डेलॉस ढिगाऱ्यावर बसला होता. आतून बायकोचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग ती हसली. पूर्वीसारखं नाही, बारीक, दम लागल्यासारखं, पण हसली. आज बरी दिसतेय, त्याच्या मनात आलं. आता आपली पाळी येईल तेव्हा थोडं मांसाचं पाणी पाजून बघू. तेवढ्यात पाईमाने हंबरडा फोडला.

तो धावत दाराशी गेला आणि थांबला. आत सासू होती. तो खोकला. आतलं रडणं चालूच राहिलं. तो पुन्हा खोकला, पुन्हा खोकला. आपल्या बायकोच्या दारात उभा राहून तो गडी खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पाय उंबऱ्याच्या आत पडत नव्हता. धाकटी मेहुणी ओपल नदीवरून पाणी घेऊन आली, तिने आईला उचलून मागे नेलं, तेव्हा कुठे तो आत गेला. बायकोचा हात अजून ऊन होता.

पाईमाने केस कापले, दंडावर सुरीने वार करून घेतले. बोटं या वेळी लोकांनी तोडू दिली नाहीत. बायकोचे कपडे, गोधडी, चटई जाळली. नाव टाकलं. दफन झाल्यावर ओपल डेलॉसजवळ येऊन बसली.

"दाजी, तुमच्यासाठी काहीतरी बोलून गेली ती. शेवटचंच. आईजवळ आहे."

"काय बोलली?"

"आई मला सांगत नाही. म्हणलं, माझ्याजवळ दे, मी नेऊन देते दाजींना. तर म्हणाली, मला शपथ घातलीय, माझ्याच तोंडानं सांगायचं म्हणून."

"तिच्या तोंडानं? मला?"

"तेच तर," ओपल म्हणाली. "आई म्हणते, जीभ झडली तरी जावयाशी बोलणार नाही. आणि न बोलता हे ओझं घेऊन मरणारही नाही म्हणते. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

तेव्हापासून डेलॉसचा जीव त्या एका गोष्टीत अडकला. तिच्या हसण्याआधीचं ते बोलणं काय होतं. कापूस वेचताना, घोड्याला खरारा करताना, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून आमच्या भाषेतली भजनं म्हणताना तो तेच शोधायचा. हे म्हणाली असेल, नाहीतर ते म्हणाली असेल. शोधून शोधून थकला की वाटायचं, काहीच नसेल, पाणी दे म्हणाली असेल. पण पाणी मागताना कुणी हसत नाही.

पाईमा ओपलकडे राहायला जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती गेली नाही. तिकडेही जावईच, आणि तो तर खोकायलासुद्धा विसरतो, असं तिचं म्हणणं. डेलॉसनेही दुसरं लग्न केलं नाही. एका बाईच्या मागे राहिलेली दोन माणसं एका अंगणात राहिली, आणि तिच्याबद्दल ज्याच्याशी बोलावं असं दोघांनाही जगात दुसरं कुणी नव्हतं.

निरोप न्यायला आता कुत्रा होता. त्याचं नाव शेरीफ, कारण तो लठ्ठ होता आणि दिवसभर सावलीत पडून सगळ्यांवर गुरगुरायचा. डेलॉस अंगणात उभा राहून कुत्र्याला मोठ्याने सांगायचा, "शेरीफ, धूळ येतेय बघ पश्चिमेकडनं. खिडकीला ओलं फडकं लावायला पाहिजे होतं कुणीतरी."

तंबूतून पाईमा चुलीशी बोलायची. "चूलबाई, कुत्र्याला म्हणावं फडकं मघाशीच लावलंय. तो उताणा पडून घोरत होता तेव्हा."

"शेरीफ, तू घोरत होतास का रे?"

"आणि म्हणावं, मांस दोरीवरचं काढून ठेवलंय. ते काय फक्त कुत्र्यानं खायचं नाही, इतरांनी पण खावं. हाडं दिसायला लागलीत इतरांची."

चर्चमध्ये लोक डेलॉसला छेडायचे, तुझा कुत्रा फार बोलका झालाय म्हणतात. तो हसून सोडून द्यायचा. पण लाकूड, पाणी, वारा, मांस एवढंच कुत्र्यामार्फत जाण्यासारखं होतं. पोटच्या पोरीचा शेवटचा शब्द कुत्र्याच्या गळ्यात कसा बांधणार? सेंडेच्या गोष्टी तर लेक गेली तेव्हापासूनच बंद झाल्या होत्या. एका हिवाळ्यात डेलॉस खोगीर घेऊन तंबूमागे जाऊन बसला. आतून आवाज आला, "चूलबाई, त्या दिवशी माझी लेक..." आणि पुढे काहीच आलं नाही. त्याने बराच वेळ वाट पाहिली. मग वादी न शिवताच तो उठला.

काही वर्षांनी पाईमाने अंथरूण धरलं. कसला रोग नव्हता, ती फक्त संपत आली होती. डेलॉसने ओपलला बोलावून घेतलं, म्हातारीला पुढच्या खोलीत आणवलं, त्याच खोलीत, आणि आपला बिछाना मांडवात नेला. ओपल आतलं बघायची, तो बाहेरचं. म्हातारी गेली की तो शब्दही गेला. ओपलला तो म्हणाला, "आईला एकदा विचार ना."

"रोज विचारते, दाजी. भिंतीकडे तोंड करते."

"बरं, राहू दे. नको छळू."

एका दुपारी ओपल अक्रोडासारख्या पिकानच्या झाडांखाली सरपण गोळा करायला गेली. डेलॉस बारीक फोडलेली लाकडं घेऊन घराच्या भिंतीशी आला. खिडकीखाली नेहमीसारखा खोकला. आतून शाल सरसावल्याचा आवाज आला नाही. झोपली असेल, असं समजून त्याने लाकडं हलकेच ठेवली आणि भिंतीला पाठ लावून सावलीत बसला. शेरीफ येऊन त्याच्या शेजारी पसरला.

तेवढ्यात आत खाट करकरली. म्हातारी उठून बसत होती. घरात ती एकटीच होती, अंगावर शाल नसणार, काय नैसर्गिक गरज असेल कोण जाणे. अशा वेळी जावयाने कानाच्या टप्प्यात असू नये. तिला शरम वाटू नये म्हणून तो आवाज न करता उठला, जोडे हातात घेतले आणि पवनचक्कीच्या पंपाकडे निघून गेला. जाताना खोकला नाही. खोकला येण्याचा असतो, जाण्याचा नसतो. शेरीफ तिथेच पडून राहिला.

पंपाची पाती वाऱ्यात करकरत होती. डेलॉस तिथे बसून राहिला. लांबून त्याला एवढंच दिसत होतं की कुत्रा उठून बसलाय, खिडकीकडे तोंड वर करून, आणि मधून मधून त्याची शेपटी भिंतीवर आपटतेय. माशा असतील, त्याला वाटलं.

ओपल सरपण घेऊन आत गेली आणि थोड्याच वेळात शालीच्या टोकाने डोळे पुसत पंपाकडे आली. ती हसतही होती.

"झालं एकदाचं, दाजी."

"काय झालं?"

"काय झालं म्हणे. आईनं सांगून टाकलं तुम्हाला. ताईचं नावसुद्धा घेतलं म्हणाली, मोठ्यानं. घाम फुटलाय तिला, पण चेहरा लेकराचा झालाय. मी म्हणलं, मला पण सांग. तर नाही म्हणाली. त्याचं होतं, त्याला दिलं. आता माझ्याजवळ काही नाही म्हणाली." ओपलने नाक पुसलं. "तुमचं फार कौतुक करत होती. भला माणूस, म्हणाली. भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत बसला, मधे एकदा खोकलासुद्धा नाही."

डेलॉसने अंगणात पाहिलं. शेरीफ सावलीत पुन्हा आडवा झाला होता.

त्याच्या तोंडाशी आलं होतं, ओपल, मी तिथे नव्हतो. एवढं म्हटलं असतं की झालं. ओपल धावत आत गेली असती, आई, दाजींनी नाही ऐकलं, पुन्हा सांग. आणि म्हातारीला कळलं असतं की जन्मभर झाकलेलं तोंड तिने उघडलं, टाकलेलं नाव उचललं, लेकीचा शब्द जिभेवर घेतला, आणि हे सगळं कुत्र्यासमोर. कदाचित तिने पुन्हा सांगितलंही असतं. तिच्यात तेवढा दम असता तर. पण एकदा मोडलेली लाज तिच्याकडून दुसऱ्यांदा मोडून घ्यायची, तीही आपण चुकीच्या वेळी चांगुलपणा केला म्हणून? ओझं खाली ठेवून बसलेल्या म्हातारीच्या डोक्यावर ते पुन्हा चढवायचं? त्याला तो शब्द हवा होता. इतकी वर्षं त्याला दुसरं काही नको होतं. तो पंपाचं लोखंड धरून उभा राहिला, आणि ओपलला वाटलं, दाजींना रडू येतंय म्हणून बोलवत नाहीये.

मग तो चालत खिडकीशी गेला. खोकला.

"शेरीफ," तो म्हणाला, "आत सांग. ऐकलं मी. सगळं ऐकलं. फार चांगलं सांगितलंस म्हणावं."

ओपल मागोमाग येऊन दारातून आत गेली. काहीतरी कुजबुज झाली. मग ओपलने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दाजी, आई विचारतेय, हसला का तुम्ही?"

"काय?"

"हसला का विचारतेय. म्हणते, मला काही त्याचं हसणं ऐकू आलं नाही. ती पोरगी म्हणाली होती म्हणे, आई, हे तुझ्या तोंडून ऐकलं की तो असा हसेल, असा हसेल, की तुमची दोघांची लाज पळून जाईल. तेवढ्यासाठीच तर माझ्यावर घातलं म्हणते. आणि स्वतःच हसली म्हणे आधी, अन् हसता हसताच..." ओपल थांबली. "सांगा ना, काय सांगू आईला?"

म्हणजे ती थट्टा होती. शेवटची थट्टा, दोघांचीही मिळून केलेली, आणि कुठली ते आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईला माहीत होतं, आणि तिने ते देऊन टाकलं होतं.

"सांग की हसलो."

"तिला ऐकायचंय, दाजी."

डेलॉसने भिंतीला पाठ टेकली. तोंड उघडलं, पण आधी नुसता वारा आला. मग तो हसला. पहिलं हसणं खोटं होतं, आतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून काढलेलं. मग त्याला ते बारीक, दम लागलेलं हसू आठवलं, ढिगाऱ्यावर बसून ऐकलेलं, आज बरी दिसतेय वाटलं होतं ते, आणि त्याच्या छातीतून जे सुटलं ते आवरेना. शेरीफ उठून भुंकायला लागला. आतून, बऱ्याच वर्षांनी, दाबलेलं हसणं ऐकू आलं. या वेळी ते शालीत नव्हतं.

"हसली," ओपल म्हणाली. "आई हसली, दाजी. आता बास. पुरे झालं, झोपू दे तिला."

पण डेलॉस हसतच राहिला. थांबलो की रडू फुटेल, हे त्याला कळत होतं, आणि म्हातारी अजून जागी होती.